जुळलेली सही

तिनं लिफाफा दिव्याखाली धरला, सहीवर भिंग टेकवलं आणि मान हलवली. संगणकाच्या पडद्यावर नऊ वर्षांपूर्वीची सही होती, ठाम, उजवीकडे झुकलेली. लिफाफ्यावर होती ती नुसती थरथर. दोन्ही एकाच माणसाच्या होत्या की नव्हत्या, देव जाणे. पण देवाची साक्ष नियमात बसत नव्हती. तिनं लाल ट्रे पुढे ओढला.

"अकरावा," शेजारचा चष्मेवाला म्हणाला. "आज म्हाताऱ्यांच्या मागेच लागलीस की."

"मी कुठं लागले? नियम लागलाय."

हे बोलून ती हसली खरी, पण तिला काही बरं वाटलं नाही. अकरापैकी निदान नऊ सह्या खऱ्या असणार, हे तिला मनातून पक्कं ठाऊक होतं. म्हातारपणी हात कापतो, त्याला कोण काय करणार?

गेल्या निवडणुकीनंतर टपालाच्या मतांवरून नको तेवढा गदारोळ झाला होता. कुणी म्हणालं मेलेल्यांनी मतं दिली, कुणी म्हणालं पोतीच्या पोती नाल्यात सापडली. सिद्ध काहीच झालं नाही, पण या खेपेला खेळाच्या रिकाम्या हॉलमध्ये बारा टेबलं लागली, आणि प्रत्येक टेबलावर दोन माणसं नि दोन भिंगं आली. बाहेरच्या लिफाफ्यावर मतदाराची सही, आत दुसरा बंद लिफाफा, त्यात मत. सही जुन्या नोंदीशी जुळली की हिरवा ट्रे. नाही जुळली की लाल ट्रे, आणि त्याच दिवशी मतदाराच्या घरी टपालानं नोटीस: चार दिवसांत, दहा ते पाच या वेळात, स्वतः कार्यालयात या, अधिकाऱ्यासमोर तशीच सही करा, अंगठा चालणार नाही. नाही आलात, मत बाद.

पुढचा लिफाफा तिनं उचलला आणि नाव वाचून तिचा हात तिथंच थांबला. बाबांचा होता.

घरच्या माणसाचा लिफाफा आपण तपासायचा नाही, शेजाऱ्याला द्यायचा, असा नियम होता. तिनं तो चष्मेवाल्यापुढे सरकवला. पण देता देता सही दिसलीच. पहिलं अक्षर ऐटीत मोठं, मग एक लपेटदार ओळ, शेवटी मागे वळून सबंध नावाखालून गेलेली रेघ आणि रेघेखाली कागदात रुतलेली दोन टिंबं. वजनमापं तपासणारे निरीक्षक होते बाबा. या सहीचा दाखला गावातल्या प्रत्येक दुकानात तराजूच्या मागे टांगलेला असायचा.

"वा!" चष्मेवाल्यानं भिंगसुद्धा धड टेकवलं नाही. "छापल्यासारखी आहे. तुझे वडील ना? बघ, याला म्हणतात सही."

तिनं सहीकडे पुन्हा बघितलं.

आठ महिन्यांपूर्वी बाबांची उजवी बाजू गेली होती. बोलणं गेलं, उजवा हात अर्धामुर्धा परत आला. मध्यंतरी एका कागदावर सही हवी होती म्हणून तिनंच त्यांच्या बोटांत पेन दिलं होतं. एक वेडीवाकडी रेघ उमटली आणि पेन खाली पडलं. बाबांनी तोंड फिरवलं होतं. मग अंगठ्यावर भागवलं. ही सही त्यांची असणं शक्यच नव्हतं.

कुणाची होती हे कळायला तिला भिंगाची गरज नव्हती. बाबा कायम दौऱ्यावर. शाळेच्या प्रगतिपुस्तकापासून गॅसच्या अर्जापर्यंत त्यांची सही आईच ठोकायची, आणि वर म्हणायची, "त्यांच्यापेक्षा मलाच बरी जमते." घरात सगळे हसायचे. पण हे काही प्रगतिपुस्तक नव्हतं. शिवाय आई-बाबांचं राजकारण म्हणजे एकाचं पूर्वेला तर दुसऱ्याचं पश्चिमेला. मतदानाहून परत येताना दोघं म्हणायचे, चला, फिट्टंफाट. आता बाबांना बोलता येत नाही, तर आईनं दोन्ही मतं आपलीच करून टाकली की काय? तिला आईचा असा राग आला की कानशिलं तापली.

चष्मेवाल्याचा हात हिरव्या ट्रेकडे निघाला होता. तिथं एकदा गेलं की लिफाफा फोडणार, आतलं मत पेटीत, मग कुणाचं कुठलं ते ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. तिनं लाल ट्रेमधल्या अकरा लिफाफ्यांकडे बघितलं. खऱ्या माणसांच्या कापऱ्या सह्या अडवायच्या आणि आपल्या घरची खोटी सोडून द्यायची?

"थांब," ती म्हणाली. "ती सही त्यांची नाही."

हॉलच्या मुख्य बाई आल्या. त्यांनी पडद्याकडे बघितलं, लिफाफ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"मला तर तंतोतंत वाटते."

"म्हणूनच. त्यांना आता अशी सही करता येत नाही. मी मुलगी आहे त्यांची."

"नीट विचार कर. एकदा लाल शिक्का बसला की मलासुद्धा तो मागे घेता येत नाही. मग त्यांनी यायचं आणि माझ्यासमोर सही करायची. दुसरा रस्ता नाही."

"माहीत आहे."

बाईंनी शिक्का मारला. संशय घेणाऱ्यानं नोटीस स्वतःच्या हातानं भरायची असते. 'सही अन्य व्यक्तीने केल्याचा संशय' असं तिनं स्वच्छ अक्षरात लिहिलं. पत्ता नोंदीत बघावा लागला नाही. दुपारच्या टपालात ती नोटीस गेली. चष्मेवाल्यानं चहाचा कप तिच्यापुढे आणून ठेवला.

संध्याकाळी ती घरी न जाता तडक आईकडे गेली. बाबा खिडकीशी खुर्चीत होते, मांडीवर चादर. तिला बघून त्यांची डावी भुवई वर गेली. ती त्यांच्याकडे बघून हसली, आणि आईच्या दंडाला धरून तिला स्वयंपाकघरात घेऊन गेली.

"आई, खरं सांग. बाबांच्या लिफाफ्यावर सही कुणी केली?"

आईचा चेहरा एकदम उजळला.

"आला होय तुझ्याच टेबलावर? अगं बाई! थांब, थांब."

तिनं डब्यांच्या मागून तीन वह्या काढल्या. शाळेतली मुलं वापरतात तसल्या, एकेरी रेघांच्या. पहिली वही नुसत्या गिरगट्यानं भरलेली होती. दुसरीत कुठं कुठं ते मोठं अक्षर उभं राहायला लागलं होतं. तिसरीत खालची रेघ आली होती, पण अर्ध्यातच घसरलेली. पानामागून पान. प्रत्येक सहीखाली दोन टिंबं, इतकी दाबून काढलेली की पान उलटलं तरी बोटाला लागत होती.

आईचा हात हलका. आईनं केलेल्या सहीची टिंबं कधी कागदात रुतली नव्हती. हे तिला आत्ता आठवलं.

"रोज सकाळी, चहाच्या आधी," आई सांगत होती. "तेवढाच वेळ हात ऐकतो त्यांचा. डाव्या हातानं उजवं मनगट धरायचं नि लिहायचं. नऊ वाजले की संपलं, मग चमचासुद्धा धरवत नाही. मी म्हटलं, द्या इकडे, मी ठोकते, जन्मभर ठोकतेय. तर असे डोळे वटारले! दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तसे एरवी तरी कुठं बोलतात म्हणा."

"मला का नाही सांगितलंत?"

"तूच तर सांगितलं होतंस ना, न जुळलेल्या सह्या अडवायचं काम आलंय म्हणून? त्या दिवशीच मला वही आणायला लावली. मुलीच्या टेबलावर बापाची सही अडकायला नको, तिला चारचौघांत खाली बघायला लागेल, एवढंच त्यांच्या डोक्यात. आणि मत मात्र दिलं त्यांच्याच मेल्या पक्षाला! खूण करताना मीच त्यांचं बोट धरलं होतं, काय करते?"

ती ओट्याला टेकून उभी राहिली.

"आई, आता येते का त्यांना? तशी सही?"

"छे गं. दीड महिन्यात एकदाच आली. हात लागतोय म्हटल्यावर त्यांनी वही सारली नि लिफाफाच ओढला. दुसऱ्या दिवशी करून बघितली तर पुन्हा गिरगटा. मी म्हटलं, असू दे, आपलं काम तर झालं. तेव्हापासून पेन हातात घेतलं नाही त्यांनी."

बाहेर खुर्ची करकरली. ती वही हातात तशीच धरून बाबांपुढे जाऊन बसली. त्यांनी वहीकडे बघितलं, आपलं गुपित फुटलेलं बघून थोडे लाजले. मग ओठ जुळवायला त्यांना बराच वेळ लागला.

"जु... जुळ...ली?"

तिनं त्यांचा उजवा हात आपल्या हातात घेतला. हलका होता, थंड होता. तिला त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडावंसं वाटत होतं, आणि रडता येत नव्हतं, कारण मग सगळंच सांगावं लागलं असतं.

"तंतोतंत जुळली, बाबा. शेजारचा म्हणाला, छापल्यासारखी."

बाबांचा अर्धा चेहरा हसला. मग ते खिडकीबाहेर बघायला लागले. रोज पोस्टमन यायचा तो खालचा रस्ता तिथून दिसायचा.

"चला, सुटलो बाई," आई हात पुसत बाहेर आली. "आण त्या वह्या इकडे, रद्दीत टाकते."

"नको. राहू देत."

"कशाला आता?"

तिसरी वही उघडून मागची कोरी पानं ती एकेक करून मोजत होती.

"उद्या येते मी," ती म्हणाली. "चहाच्या आधी."