भावासाठी नूडल्स

ताई हॉस्पिटलात आया होती. पुलाच्या उतारावर व्हॅनने उडवलेली एक बाई सकाळी तिच्या वॉर्डात आली आणि दुपारच्या आत गेली. व्हॅनवाला थांबला नव्हता. बाईचा नवरा तिची एक चप्पल पोटाशी धरून बसला होता. ताईने दिलेलं पाणी तो प्यायला नाही, पेला तसाच हातात धरून बसला.

ती घरी आली तर धाकटा भाऊ स्वयंपाकघरात. आई गेल्यावर तिनेच त्याला लहानाचा मोठा केला होता. कुरिअरची व्हॅन चालवायचा. आज तोंडावरची रया गेलेली. विचारायच्या आतच त्याने सगळं ओकून टाकलं. पुलाच्या उतारावर डोळा लागला, बाई दिसलीच नाही, आपण पळालो. आता गाव सोडतो, चार कपडे दे.

बाई गेल्याचं ताई बोलली नाही. उपाशीपोटी जाऊ नकोस, नूडल्स करते, एवढंच म्हणाली. नूडल्स म्हणजे त्याचा जीव की प्राण. मग न्हाणीघरात नळ मोठा सोडून तिने पोलिसांना फोन केला.

एरवी नूडल्स करणं तिच्या डाव्या हातचा मळ. आज तिने कोबी केसासारखा चिरला. उकडलेल्या नूडल्स गार पाण्याखाली धरल्या, तेल लावून ताटात एकेक मोकळी केली. पंगत उठवायची आहे का, असं त्याने विचारलंही. लसूण परतून सोया सॉस घालताना तिचं लक्ष दाराकडे गेलं आणि बाटली कलंडली. काळा ओघळ ओट्यावरून खाली ठिबकू लागला. तिने तो पुसला नाही.

तो तिच्याकडे बघतच राहिला.

"ताई, कोणाला बोलावलंस?"

"ती बाई गेली रे. माझ्यासमोर गेली."

"मी तुझा भाऊ आहे."

"ठाऊक आहे," म्हणत ती दाराला पाठ लावून उभी राहिली.

त्याने तिला ढकललं. डोकं चौकटीवर आपटलं तरी तिने मुठीत धरलेला त्याचा शर्ट सोडला नाही. तेवढ्यात जिन्यात बूट वाजले.

नातेवाइकांनी तिच्याशी बोलणं टाकलं. कोर्टात तिने खरं तेच सांगितलं. भेटीच्या दिवशी ती तुरुंगाच्या फाटकाशी जाते, भावाचं नाव सांगते. शिपाई आत जातो आणि एकटाच परत येतो.