हेळवी आणि हॅना

"मॅडम, ती हॅना काढून टाका."

फोनवर देवदत्त होता. पुण्यात बसून तो अमेरिकेतल्या लोकांना त्यांचे पूर्वज शोधून द्यायचा. म्हणजे शोधायची क्रांती, सांगलीत विश्रामबागेतल्या आपल्या एका खोलीच्या फ्लॅटमध्ये कॉम्प्युटरपुढे मान मोडून, आणि द्यायचा तो.

"का? ती त्या घरातलीच आहे," क्रांती म्हणाली.

"आहे हो. पण लग्न नाही, मूलबाळ नाही. पार्टीला सरळ वंश हवाय. आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा. चौकट करून दिवाणखान्यात लावणारेत ते. हॅनाच्या पुढे कोणीच नाही, मग तिला कशाला मध्ये घुसवायचं?"

"बघते," म्हणून तिने फोन ठेवला.

पार्टीच्या केलर घराण्यातलं बघायचं तसं काही उरलं नव्हतं. पहिला योहान केलर जर्मनीतून जहाजाने आला, पेन्सिल्व्हेनियात रान तोडून त्याने गहू पेरला. त्याचे नातू जमिनीच्या ओढीने ओहायोत गेले. कोणाचं कोठार जळालं, कोणाची बायको बाळंतपणात गेली, कोणी बांधावरून भावाला कोर्टात खेचलं, सगळं तिला पाठ होतं. भावकी म्हटली की बांध आलाच, मग ती ओहायोतली का असेना. स्वतःच्या जिन्यात समोर कोण राहतं हे मात्र तिला धड सांगता आलं नसतं, आणि समोरच्यांनाही तिच्याबद्दल कोणी विचारलं असतं तर तीच गत झाली असती.

हॅना तिला उशिरा सापडली. दर दहा वर्षांनी तिकडे जनगणना व्हायची आणि दर खेपेला हॅना भावाच्याच घरात. भाऊ शेतकरी. त्याची मुलं शाळेत. हॅनाच्या नावापुढचा रकाना कोरा. आधी ती तरुण होती, मग प्रौढ, मग म्हातारी, आणि एका जनगणनेत नव्हतीच. एवढ्या वर्षांत त्या घरातल्या गायी कोणी पिळल्या, आजारपणं कोणी काढली, हे क्रांतीला कोणी सांगायची गरज नव्हती.

संध्याकाळी भावाचा फोन आला. पृथ्वीराज सहसा काम असल्याशिवाय फोन करत नसे.

"आक्का, हेळवी आलाय गावात. उद्या सकाळी आपल्या दारात बसनार. येनार असशील तर ये. आन् येताना विश्रामबागेतनं दोन किलो पेढं आन, हितलं काय खरं न्हाई."

पेढे आणि बहीण, दोन्ही एकाच पिशवीत मागवायची त्याची पद्धत जुनी होती. तिने सकाळची पहिली एसटी धरली.

हेळवी म्हणजे घरोघरचा वंश तोंडपाठ ठेवणारा माणूस. कर्नाटकच्या अंगाने येतो, काही वर्षांनी एकदा दारात बसतो, मूळपुरुषापासून पाळण्यातल्या पोरापर्यंत नावं म्हणतो, आणि धान्य, कपडालत्ता घेऊन पुढच्या दारी जातो. मागच्या खेपेला तो आला तेव्हा क्रांतीचे वडील रंगराव अंथरुणाला खिळलेले होते आणि ती आत त्यांचे कपडे बदलत होती. बाहेरून नावं ऐकू येत होती. रंगरावचा पृथ्वीराज, पृथ्वीराजचं जयराज आन् अमृत. म्हातारा पडल्या पडल्या म्हणाला होता, "क्रांते, तुझं न्हाई गं घेतलं त्यानं." त्यानंतर तिला क्रांते म्हणणारं कोणी राहिलं नाही. भावकीची ती आक्का होती, पोरांची आत्या, देवदत्तची मॅडम.

विट्याच्या पुढे रान मोकळं होत गेलं. म्हसवडच्या अलीकडच्या फाट्यापर्यंत ती खिडकीतून बाहेर बघत राहिली. तिला फार काही नको होतं. त्याने आपलं नाव एकदा घ्यावं. सगळ्यांच्या देखत, रंगरावाच्या नावाच्या मागोमाग, बस.

दारात घोंगडं अंथरून हेळवी बसला होता. नाव बाळाप्पा. पूर्वी त्याचा बाप बैलावर बसून यायचा. बाळाप्पाकडे जुनी मोटारसायकल होती आणि त्या बैलाच्या गळ्यातली घंटा त्याने तिच्या हॅन्डलला बांधली होती. घरची सगळी गोळा झाली. जयराजचं पोरगं सुनेच्या मांडीवर होतं, त्याचं नाव आज पहिल्यांदा घेतलं जाणार म्हणून वहिनीने त्याला काजळाने पार माखून ठेवलं होतं.

बाळाप्पाने डोळे मिटले आणि सुरात उचललं.

"सुभाना मूळ पुरुस. सुभानाचा येसू, येसूचा केरबा. केरबाचं दोन, तात्याबा आन् ज्योती. ज्योती दुष्काळात गेला मुलखाभाईर, त्याचा वंस तकडं. तात्याबाचा रंगराव…"

क्रांती नकळत घोंगड्याकडे पुढे सरकली. चोपन्न वर्षांच्या बाईला हे शोभत नाही, असं तिने स्वतःला बजावलं आणि आणखी एक पाऊल पुढे टाकलं.

"रंगरावचा पृथ्वीराज. पृथ्वीराजचं दोन, जयराज आन् अमृत. जयराजचा लेक, नाव सांगा जी."

"राजवीर!" चार जण एकदम ओरडले. पोर दचकून रडायला लागलं, सगळे हसले.

"मामा," क्रांती म्हणाली, "रंगरावाला एक लेक पन हाय."

हेळव्याने डोळे उघडले. "व्हय का? पर लेकी आमच्याकडं नस्त्यात, आक्का. लेक ग्येली सासरी. त्या घराला त्यांचा हेळवी."

"आक्कानं लगीन न्हाई केल्यालं," पृथ्वीराज म्हणाला. वाईट हेतूने नव्हे, माहिती म्हणून.

बाळाप्पा घोटाळला. बापाने, आज्याने त्याला जे शिकवलं होतं त्यात या बाईला ठेवायला जागाच नव्हती. "मग न्हाई बसत जी," तो हळूच म्हणाला.

"आवं आक्का, नावात काय ठेवलंय," वहिनी म्हणाली. "सगळं तुमचंच तर हाय. चला, पेढं वाटा."

क्रांतीने पेढे वाटले. मागे डाळिंबाची बाग दिसत होती. त्या बागेची विहीर खणली तेव्हा ती सांगलीतल्या एका कॉलेजच्या ऑफिसात टायपिंग करत होती आणि पगार झाला की तो गावाकडे येत होता. आईला अर्धांगवायू झाला तेव्हा नोकरी सोडून तीच आली, आणि आईवडील जाईपर्यंत राहिली. चांगली स्थळं सांगून आली होती, ती तशीच परत गेली. याबद्दल भांडावं असं तिला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. आज वाटलं, आणि भांडायला समोर कोणीच दोषी दिसेना. हेळव्याच्या पिशवीत बाजरी घालायला वहिनीने सूप तिच्याच हातात दिलं. तिने ती ओतली. "पृथ्वीराज रंगरावाचं दान पावलं," हेळव्याने खणखणीत सांगितलं.

दुपारी भाऊ म्हणाला, "ऱ्हा की आजचा दिवस." पण राहा म्हणताना त्याने मोटारसायकलची किल्ली हातात घेतलीच होती. तिला फाट्यावर सोडून तो बागेकडे निघून गेला.

फाट्यावर चहाची टपरी होती. बाकड्यावर बाळाप्पा बसला होता, बाजूला घंटेची मोटारसायकल. तिला बघून तो उठून उभा राहिला.

"बसा की," ती म्हणाली. "मी पण तुमच्याच धंद्यातली हाय."

"म्हंजी?"

"अमेरिकेतल्या शेतकऱ्यांचे वंश सांगते. कॉम्प्युटरवर."

त्याला ते एवढं पटलं की तो बाकड्यावर पुढे सरकून बसला. "त्यास्नी हेळवी न्हाईत?"

"नाहीत."

"अरारा! मग कसं करत्यात?" आणि मग धंद्यातल्या माणसाने विचारावं तसं विचारलं, "तुमी त्यांच्या दारात जाऊन म्हनता?"

"नाही. लिहून पाठवते. त्यांनी मला कधी बघितलेलं नाही."

"जेवायला बी घालत न्हाईत?"

"नाही."

बाळाप्पाने मान हलवली. इतकी वर्षं ती हे काम करत होती, भावाला ते नक्की काय आहे हे कधी विचारावंसं वाटलं नव्हतं. एकटेपणाची सवय होते असं ती लोकांना सांगायची. ते खोटं होतं, आणि ते खोटं आहे हे तिला त्या बाकड्यावर नीट कळलं.

"येक म्हना की घरानं," तो म्हणाला. "ऐकू द्या."

ती लाजली. पण एसटीचा पत्ता नव्हता. तिने पदर सावरला आणि त्याच्याच चालीत सुरू केलं.

"योहान मूळ पुरुष. दर्यापलीकडून आला, रान तोडलं, गहू पेरला. योहानचा पीटर. पीटरचे तीन, जेकब, हेन्री आणि धाकटा योहान. जेकब ओहायोत गेला. जेकबचा सॅम्युअल. आणि हॅना."

"ह्यो हाना कोन? सॅम्युअलचा भाऊ?"

"बहीण. भावाच्या घरी राहिली. लग्न नाही केलं."

"प्वार?"

"नाही."

बाळाप्पाने कपातला चहा तसाच धरून ठेवला. "मग तिचं नाव का घेतलं जी?"

"ती होती म्हणून," क्रांती म्हणाली.

टपरीवाला भांडी विसळत होता. बाळाप्पाने उरलेला चहा एका घोटात संपवला. मग चहाचे पैसे द्यायला तिने पर्स उघडली तेव्हा त्याने आपला हात पुढे घातला आणि टपरीवाल्याला दोन्ही चहांचे पैसे दिले.

"हेळव्याकडनं हेळवी घेत न्हाई, आक्का."

तेवढ्यात वळणावर एसटी दिसली. ती धावतच निघाली. कंडक्टरने दार उघडलं, "चला, चला, आत," करत घंटीची दोरी धरली. क्रांती पायरीवर चढली आणि मागून बाळाप्पाची हाक आली.

"आक्का! आवं, तुमचं नाव काय म्हनायचं?"

ती वळली. एका हाताने दांडा धरून ती बाहेर वाकली.

"क्रांती!" ती ओरडली. "क्रांती रंगराव!"

इंजिन गुरगुरलं, धुरळा उठला, कंडक्टरने तिच्या दंडाला धरून तिला आत ओढलं. मागच्या काचेतून तिने पाहिलं. बाळाप्पा रस्त्याच्या मधोमध येऊन उभा होता आणि त्याने एक हात कानापर्यंत उचलला होता. ऐकू आलं नाही म्हणून, की निरोप द्यायला, ते तिला तेवढ्या लांबून कळलं नाही.