मिटल्या डोळ्यांची मंडळी

लोणावळ्याच्या मराठी ख्रिस्ती मंडळीत कुणाला नावं ठेवायची झाली तर ती डोळे मिटून ठेवायची, असा रिवाज होता. उघड्या डोळ्यांनी चहाडी केली तर ते पाप. पण हात जोडून 'हे प्रभू' म्हणून सुरुवात केली की तीच चहाडी प्रार्थना व्हायची. आणखी एक मोठी सोय अशी, की प्रार्थनेला उलट उत्तर देता येत नाही. ज्याच्यावर तोफ डागलेली असते तो बिचारा सगळ्यांबरोबर मान खाली घालून बसलेला असतो, आणि शेवटी त्यालाही आमेन म्हणावं लागतं.

बयाबाईने असं आमेन सलग सहा बुधवार म्हटलं होतं.

बुधवारची सभा दत्तोबा मिस्त्रींच्या रेल्वे चाळीतल्या घरी भरायची. दत्तोबा लोको शेडमध्ये मिस्त्री आणि मंडळीचे थोरले पंच. माणूस मवाळ, दोन माणसांत बोलायची वेळ आली तरी आधी टोपी काढून डोकं खाजवणारा. पंचगिरी चालायची ती त्यांच्या बायकोची, रतनबाईची. ती प्रार्थनेला लागली की चाळीतल्या शेवटच्या खोलीपर्यंत ऐकू जायचं. आमच्यातली एक बहीण लोकांच्या घरी जाते, तिथं काय काय करते ते प्रभूला दिसतंच आहे, तिचा पाय घसरलाय, तिला सावर, असं ती म्हणायची. नाव घ्यायची नाही. नाव घ्यायची गरजच काय हो? लोकांच्या घरी जाणारी बाई त्या मंडळीत एकच होती.

बयाबाई सुईण होती. नवरा रखमाजी स्टेशनात हमाल होता, तो इन्फ्लुएंझाच्या साथीत गेला. त्यानंतर मिशनच्या दवाखान्यातल्या मडमबाईंनी तिला बाळंतपणं करायला शिकवलं आणि एक काळी बॅग दिली. त्या बॅगेवर तिने पंधरा वर्षं काढली. तुंगार्लीच्या बंगल्यांमागच्या माळ्यांच्या खोपट्यांत, बाजारातल्या मुसलमानांच्या घरांत, वर कुरवंड्यापर्यंत ती जायची. बाळंत झाल्यावर बारा दिवस रोज न्हाऊ घालायला जायची.

तर कुरवंड्याला गेणू म्हणून एक जण होता, त्याची बायको मोकळी झाली. पाचव्या दिवशी बयाबाई बाळाला न्हाऊ घालून निघाली तेव्हा गेणूच्या आईने तिची ओटी भरली. तांदूळ, नारळ, खण. बयाबाईला वाटलं, म्हातारी खूश झालीय. नारळ घेऊन ती डोंगर उतरली, घरी त्याची चटणी वाटली आणि वाटीभर शेजारच्या विठाबाईलाही दिली. विठाबाईने ती चाटून पुसून खाल्ली.

आठ दिवसांनी पंचांचं बोलावणं आलं. नारळ कुठला? कुरवंड्याचा. कुठल्या दिवशी दिला? पाचव्या. पाचव्याच दिवशी का? बयाबाई म्हणाली, मला काय माहीत. झालं! तिथंच घात झाला. मावळात राहणाऱ्या चाळिशीच्या बाईला, त्यातून सुईणीला, पाचवी म्हणजे काय ते माहीत नाही? पाचव्या दिवशी सटवाई येते, पोराच्या कपाळावर नशीब लिहून जाते, म्हणून तिची पूजा मांडतात. ती पूजा सुईण मांडते आणि नारळही तिलाच मिळतो. हे तर शेंबड्या पोराला ठाऊक. पंचांनी एकमेकांकडे पाहिलं. बाई बनेल आहे, असं त्यांच्या मनाने घेतलं.

पण बयाबाईला खरंच माहीत नव्हतं. एकोणीसशे सालच्या, लोक ज्याला छपन्नचा म्हणत त्या दुष्काळात ती अगदी लहान असताना नगरकडे रस्त्यावर सापडली होती आणि मिशनच्या अनाथाश्रमात वाढली होती. तिथे तिला शिवण, टिपण, गाणी, चांगलं पुस्तकी मराठी, सगळं शिकवलं. सटवाई कोण शिकवणार? बाकीची मंडळी कान्ह्याची, कामशेतची, गावांतून आलेली. त्यांनी आपापल्या आयांच्या, आज्यांच्या हातच्या पाचव्या पाहिलेल्या. एखाद्याला हे ठाऊक नसेल, असं त्यांच्या डोक्यातच येईना.

निकाल असा झाला. बयाबाई प्रभुभोजनातून, म्हणजे भाकर-प्याल्याच्या विधीतून, बंद. फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी पुण्याहून पाळकसाहेब, म्हणजे पाद्री, येतील, तेव्हा तिने मंडळीसमोर उभं राहून सटवाई पुजल्याचं कबूल करावं. नाही केलं, तर मडमबाईंना पत्र जाईल आणि बॅग परत घेतली जाईल. म्हणजे बघा, न केलेलं केलं म्हणावं तर खोटं, आणि नाही म्हणावं तर पोट गेलं.

तेव्हापासून बयाबाईची झोप उडाली. सांगितलं कुणी? नारळ पाहिला कुणी? विठाबाई हल्ली दारातून आत का येत नाही? पाणवठ्यावर आपण गेलो की बोलणं का थांबतं? ती एरवी भोळी बाई, पण संशय ही खरजेसारखी गोष्ट आहे, एकदा लागली की खाजवावंसं वाटतं. प्रार्थनेत ती डोळे किलकिले करून बघायला लागली. आणि तिला दिसलं की निम्म्या बायका तशाच बघतायत, तिच्याकडे.

जानेवारी संपत आला आणि रतनबाईची सून नंदा पंधरा दिवस आधीच अडली. नंदाची आधीची दोन्ही पोरं गेलेली, एक तिसऱ्या दिवशी, एक सातव्या. या खेपेला रतनबाईने खंडाळ्याची सुईण ठरवून ठेवली होती, पण ती लेकीकडे गेलेली, आणि डॉक्टर पुण्याला. शेवटी दत्तोबाच टोपी हातात घेऊन बयाबाईच्या दारात उभे राहिले. बयाबाईने बॅग उचलली आणि चालायला लागली.

मुलगा झाला. अशक्त, पण रडला चांगला. रतनबाई त्या सगळ्या वेळात बयाबाईशी एक शब्द बोलली नाही. भिंतीला सांगायची, पाणी तापलंय म्हणावं. बयाबाईही मग भिंतीलाच सांगायची, ठेवा म्हणावं. चार दिवस असं भिंतीच्या मध्यस्थीने न्हाणं-धुणं चाललं.

पाचवा दिवस शुक्रवारचा. बयाबाई दुपारी गेली. दत्तोबा कामावर होते, नंदाला जरा कणकण होती म्हणून ती निजली होती. बाळाला न्हाऊ घालून, गुंडाळून घेतलं तोच रतनबाईने पुढच्या दाराला कडी घातली आणि तिला हाताने खूण करून स्वयंपाकघरात नेलं.

कोपऱ्यात पाटा घातलेला होता. बाजूला वरवंटा, नवा खण, हळदकुंकवाच्या पुड्या, लिंबू, कोरा कागद, दौत-टाक, विळा आणि कणकेचे दिवे.

"मांड," रतनबाई म्हणाली.

बयाबाईला वाटलं, हा सापळा आहे, दुसरं काय! कुणीतरी लपलेलं असणार. तिने कणगीमागे पाहिलं, मोरीत पाहिलं, मागच्या दाराच्या फटीला डोळा लावला. विठाबाई नव्हती, पंच नव्हते. परसात एक कोंबडी माती उकरत होती तेवढीच.

"मावशी, हे काय आहे?"

"येड्याचं सोंग घिऊ नगंस, बये. कुरवंड्याला मांडतीस, बाजारात मांडतीस, हितंबी मांड. तू जितं मांडतीस तितली पोरं जगत्यात, लय दीस बघत्ये मी. माजी दोन नातवंडं गेली. कुणाला कळायचं न्हाई. परवाच्याला तुजं नाव मोकळं करत्ये, ह्यांना सांगत्ये. पत्र जायाचं न्हाई."

तेव्हा कुठे बयाबाईच्या डोक्यात उजेड पडला. इतके दिवस तिला वाटत होतं, ही बाई आपल्यावर खार खाऊन खोटं बोलते. तसं नव्हतं. रतनबाईला अगदी खात्री होती. सुईणीच्या हातची पोरं जगतात म्हणजे ती सटवाईला राजी ठेवत असणार, याच्यापलीकडे तिच्या अकलेला दुसरं कारणच सुचलं नव्हतं. आणि खात्री होती म्हणूनच तर तिने आज कडी घातली होती. हे कळल्यावर बयाबाईला बरं वाटायला हवं होतं, पण तिला रडूच आलं.

"मावशी, ती पोरं जगतात ती मी हात धुते आणि कात्री उकळून घेते म्हणून. मला हे मांडता येत नाही. मी जन्मात मांडलेलं नाही."

रतनबाई हळूच म्हणाली, "सूड घेतीस व्हय? माज्या नातवावर?"

रतनबाईने डोळे पुसले, पदर खोचला आणि स्वतःच पाट्यापुढे बसली. बाप्तिस्मा घेऊन तीस वर्षं झाली होती, पण हात चुकले नाहीत. बयाबाई बाळाला उराशी धरून उभी होती. निघून जावं असं तिला वाटलं आणि ती गेली नाही, हेही खरं. तिने डोळे मिटले आणि बाळासाठी मनातल्या मनात प्रार्थना केली, अधूनमधून डोळे उघडत.

कडी काढताना रतनबाईने तिच्याकडे वळून पाहिलं. ही बाहेर बोलेल का, असं विचारणारी ती नजर बयाबाईच्या ओळखीची होती. दीड महिना तिने स्वतः तीच नजर घेऊन लोकांचे चेहरे चाचपले होते. शनिवारी ती न्हाऊ घालायला गेली तर दार उघडलंच नाही. आतून आवाज आला, आजपासून आमचं आम्ही बघू.

रविवारी मंडळीचं प्रार्थनामंदिर गच्च भरलं होतं. पाळकसाहेब पुण्यात जन्मलेले, बाप-आजापासून ख्रिस्ती, सभ्य माणूस. भाकर नि प्याला पांढऱ्या कापडाखाली झाकून ठेवलेला. त्यांनी बयाबाईला उभं केलं आणि विचारलं, बाई, काही कबूल करायचं आहे का? तिने तोंड उघडायच्या आत पुढच्या बाकावरून रतनबाई उठली.

"ती कशाला कबूल करंल? परवा माज्या घरात सटवाई मांडली तिनं. माज्या डोळ्यांदेकत."

बायकांत कुजबुज उठली. नंदा ओली बाळंतीण म्हणून घरी, दत्तोबांची मान खाली. बॅग गेलीच, असं बयाबाईला स्वच्छ दिसलं. पाळकसाहेबांनी विचारलं, खरं आहे का हे?

"मांडणी झाली, हे खरं आहे. मी केली नाही."

मग कुणी केली, हा प्रश्न त्यांनी विचारायला हवा होता. पण त्यांनी पाचवी कधी पाहिलेली नव्हती. म्हणून त्यांनी मुळापासून चौकशी आरंभली, की मांडणी म्हणजे नक्की काय झालं, सविस्तर सांगा. बयाबाई आठवून आठवून सांगू लागली. निम्मा वेळ डोळे मिटलेले, तिला काय धड आठवणार?

"आधी दिवे लावले. मग कागद ठेवला, दौत ठेवली. मग विळा. आणि वरवंटा सगळ्यात शेवटी."

रतनबाईचा चेहरा पांढराफटक पडला. पाचवीची मांडणी उलटी झाली असं भरल्या मंडळीत, चारचौघांत बोललं गेलं, आणि घरी दोन पोरं गेल्यावर झालेलं सहा दिवसांचं लेकरू.

"न्हाई," ती ओरडली. "वरवंटा आदी. आदी वरवंटाच ठिवला मी, खण गुंडाळून, मग दिवं लावलं. उलटं सांगू नगं, बये, पोराला लागंल माज्या."

तेवढ्यात मागच्या बाकावरची झुंबरबाई, कानांनी अधू म्हातारी, मान डोलवत मोठ्याने म्हणाली, "व्हय, वरवंटाच आदी."

आणि बयाबाईने पाहिलं, बायकांच्या सगळ्या ओळी मान डोलवत होत्या. विठाबाईसुद्धा. हो, वरवंटाच आधी. आपणही पाचवी मांडतो हे आपलीच मान सांगतेय, असं मग एकेकीच्या ध्यानात आलं आणि एकेक मान जागच्या जागी थांबली.

बयाबाईला आनंद झाला. झाला तर झाला, का होऊ नये? दीड महिन्यात पहिल्यांदा तिने मान वर करून सगळ्यांकडे उघड्या डोळ्यांनी पाहिलं, आणि एकीनेही तिच्या नजरेला नजर दिली नाही. दत्तोबा उठले. टोपी काढली, डोकं खाजवलं नाही. पत्र जाणार नाही, बयाबाई भोजनाला मोकळी आहे, एवढंच म्हणाले आणि ते स्वतः पुरुषांच्या शेवटच्या बाकावर जाऊन बसले.

पाळकसाहेबांनी कापड काढलं आणि ज्यांचं मन शुद्ध आहे त्यांनी पुढे यावं, असं म्हटलं. बयाबाई गेली. मागे पावलं वाजतील म्हणून ती थांबली. बायकांच्या बाजूने कुणीच उठलं नाही. पाळकसाहेबांनी पुन्हा बोलावलं, तरी नाही. त्या रविवारी निम्मी भाकर उरली.

बयाबाईने आपला तुकडा घेतला. मघाचा आनंद कुठल्या कुठे गेला. ती वळली. आपल्या जागेवर न जाता ती पुढच्या बाकाशी आली, रतनबाई तोंडात पदर कोंबून बसली होती तिथे.

"मावशी, बाळाला ताप नाही ना? उद्या सकाळी येते मी," ती म्हणाली आणि शेजारी बसली.

रतनबाई जराशी सरकली. जागा करून दिली की दूर झाली, ते बयाबाईला कळलं नाही.