मदतफेरीची पुढची रांग

भूकंप झाला देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, पण हादरा बसला बाईंच्या शाळेला. चालता न येणाऱ्या मुलांची ती शाळा. त्यांना घरून आणणारी गाडी चालायची ती एका कारखानदाराच्या, दादासाहेबांच्या, देणगीवर.

दादासाहेब स्वतः आले. "बाई, देशावर संकट आलंय. यंदा आमची सगळी मदत तिकडे. समजून घ्या."

ढिगाऱ्याखालची माणसं टीव्हीवर पाहून बाईंनीही घरातली धड ब्लँकेटं बांधून पाठवली होती. "समजते," त्या म्हणाल्या.

"आणि रविवारी आमची मदतफेरी आहे. तुमची मुलं चाकाच्या खुर्च्यांत, हातात डबे घेऊन पुढे राहिली, की लोक पटापट खिशात हात घालतील. गाडी आम्ही पाठवू."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "शाळेत यायला गाडी नाही, आणि भीक मागायला आहे?"

"भीक कसली? देशकार्य आहे!"

"मग तुमची नातवंडं बसवा की खुर्च्यांत!"

दादासाहेब ताडकन उठून गेले. गाडी बंद झाली, वर्ग ओस पडले. बाई घरोघर फिरू लागल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीच्या आईने दार उघडलं, पण 'या' म्हटलं नाही.

"बोलून तुम्ही मोकळ्या झालात. माझी पोर मात्र घरात कोंडली गेली. एक दिवस डबा धरून काय झिजली असती ती?"

तेवढ्यात आतून मुलगी कडाडली, "मी नसताच धरला! पण मला विचारलं कुणी? दादासाहेबांनी नाही, बाईंनी नाही, आई, तूसुद्धा नाहीस!"

"चुकलंच माझं," बाई म्हणाल्या. "आता विचारते. पाठीवर बसून येतेस शाळेत?"

"येते."

बाई धापा टाकत जिना उतरल्या. मागून आई चाकाची घडीची खुर्ची घेऊन पुटपुटत आली. खाली भिंतीवर मदतफेरीचं पोस्टर होतं. दुसऱ्याच कुठल्या शाळेची मुलं खुर्च्यांत, त्यांच्या वर हात जोडलेले दादासाहेब.

"फाडू?" पाठीवरून मुलीने विचारलं.

"मुलांना राहू दे. त्यांना तरी कुणी विचारलं असेल? वरचा तेवढा फाड."

मुलीने हात लांबवला आणि टरकन ओढलं.