बस उशिराने पोहोचेल

असोद्याच्या सारिकाला शाळेच्या बसचा मेसेज माहेरच्या फोनपेक्षा लाडका होता. गेल्या वर्षीपर्यंत भर एप्रिलात फाट्यावरच्या पत्र्याच्या शेडखाली ताटकळून तिचा जीव मेटाकुटीला यायचा. शहराकडून येताना मध्ये रेल्वेचं फाटक. ते पडलं की मालगाडीमागून मालगाडी, आणि पोरं अडकली पलीकडे. यंदा शाळेनं बसमध्ये यंत्र बसवलं. बस खोळंबली की आयांच्या मोबाईलवर आपोआप मेसेज, गावाजवळ आली की पुन्हा मेसेज. सारिकानं पहिल्याच आठवड्यात बायकांना जाहीर करून टाकलं, "आता कुणी उन्हात तपश्चर्या करायची नाही. मेसेज आला की निघायचं." बायकांना तरी दुसरं काय हवं होतं? शेडखालची रोजची बैठक मोडली ती मोडलीच.

पहिलीतल्या उर्वीलाही तिनं पढवून ठेवलं होतं. "बस आली की मला मेसेज येतो, आणि मेसेज आला की मी येते. घाबरायचं नाही." पोरगी भारी हुशार, एकदा सांगितलेलं विसरत नसे. या हुशारीचं सारिकाला कोण कौतुक!

त्या दुपारी मळ्यातल्या घरासमोर बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, घाट घातला होता. शिजवलेलं ज्वारीचं पीठ गरम आहे तोवरच ओल्या धोतरावर थापायचं, गार झालं की मेहनत मातीमोल. पातेलं अजून अर्धं भरलेलं, आणि बसची वेळ झालेली. तेवढ्यात मोबाईल वाजला. 'आपल्या पाल्याची बस चाळीस मिनिटे उशिराने पोहोचेल. गैरसोयीबद्दल क्षमस्व.'

"देव पावला," सारिका मोठ्यानं म्हणाली आणि पुन्हा पिठात हात घातला.

बिबडे झाले. हात धुतले. बस जवळ आल्याचा मेसेज आला तशी ती स्कुटी काढून फाट्यावर गेली. शेडखाली कुणीच नव्हतं. बाकीच्या आया आज कशा नाहीत, असं तिच्या मनात आलं खरं, पण बस समोरून येताना दिसली आणि ते मनातच राहिलं. मेसेजबरहुकूम बस थांबली. दार उघडलं.

आत एकही पोर नव्हतं.

सारिका पायरीवर चढली. पुढून मागेपर्यंत सगळ्या सीट रिकाम्या. सीटखाली वाकून पाहिलं.

"काय व्हयनं ताई?" ड्रायव्हर जीवराम धुळ्याकडचा, बस असोद्यात मुक्कामाला लावून इथंच राहणारा. तो गळ्यातल्या रुमालानं घाम पुसत होता.

"पोरं कुठंयत?"

"बठ्ठा पोरे फाटकवरच उतारी दिधात ना ताई. फाटक उघडेच ना. कुंदाबाईनी पलीकडे नेऊन कौतिकना रिक्षामा बसाडी दिधात आनि ती तठूनच घर गयी. कव्हयनात पोची ग्यात."

असं गेल्या वर्षी दोनदा झालं होतं, तेव्हा आया शेडखालीच होत्या आणि दोन्ही वेळा सगळ्यांना सोयीचंच वाटलं होतं. कुंदाबाई बसमध्ये पोरं सांभाळणारी, आणि कौतिक गावातला, म्हणजे आपलाच माणूस, त्याच्या रिक्षात पोरं दिली तर कुणाला विचारायचं कशाला? यंत्र मात्र बसमध्ये. पोरं घरी जेवायला बसली तरी ते इमानेइतबारे कळवत होतं, बस उशिरा आहे.

बाकीच्यांची घरं फाट्यालगत, ती पळत घरी गेली असणार. पण मळा गावाबाहेर. जीवरामनं कौतिकला फोन लावून तिच्या हातात दिला.

"वहिनी, मी तं सगळ्यायले शेडपाशी उतरोलं," कौतिक म्हणाला. "उर्वीले म्हटलं, मळ्यात सोडतो, तं म्हने आई येते मले घ्याले. इचारत होती, बस कुठी हाये. मी सांगतलं, फाटकाच्या तिकडे."

"रस्तामा ते माले कोनीच दखायनं नही," जीवराम पुटपुटला. मग त्याचा आवाज बदलला. "ताई, केळीमाईन पायवाट शे ना!"

केळीच्या बागेतून जाणारी ती पायवाट थेट रुळांपाशी निघते. सारिकानं स्कुटी कशी पिटाळली, ते तिचं तिलाच कळलं नाही.

फाटक पुन्हा पडलं होतं. मालगाडी धडधडत चालली होती. दोन डब्यांच्या मधल्या फटीतून पलीकडचं काही दिसायचं न दिसायचं. एका फटीत उर्वीची पिवळी पाण्याची बाटली दिसली. पुढच्या फटीत काहीच नाही. सारिका दांडी धरून नुसती उभी राहिली आणि डबे काही संपेनात.

शेवटचा डबा गेला. पलीकडच्या दांडीशी उर्वी उभी होती, दप्तर पाठीला, तोंड लालबुंद. आई दिसताच ती हसली आणि दांडीखालून यायला वाकली.

"थांब! तिथंच थांब!" सारिका किंचाळली. फाटकवाला ओरडत असताना ती रूळ ओलांडून धावली आणि तिनं पोरीला असं आवळलं की पोर कळवळली. तिच्या हातांना अजून ज्वारीच्या पिठाचा वास येत होता.

"रुळांवरून कशी आलीस ग तू?"

"वाकून. आज कुंदामावशीनं नेलं ना, तसं." उर्वीनं आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं. आई रडत का होती, ते तिला समजेना. "तू आली नाहीस, म्हणजे तुला मेसेज आला नव्हता ना? मी रिक्षातून आले, म्हणून नसेल आला. मग मी परत बसमध्ये बसायला आले."