आईच्या आवाजाचे दार

मित्रांनो, मी एक जुने दार आहे. मला कडी नाही, कोयंडा नाही. आवाज साठवणाऱ्या एका ॲपचे मी लॉग-इन. दूर कुठेतरी रात्रंदिवस घोंघावणाऱ्या यंत्रांत माझा जन्म झाला. माझ्यामागे लोकांच्या आवाजांच्या खोल्या आहेत. ज्याची खोली त्यालाच आत सोडायचे, एवढेच माझे काम.

सुरुवातीला माझे काय कौतुक! "पाखरूसुद्धा शिरणार नाही," असे मला घडवणारे इंजिनियर म्हणत आणि मी फुशारून जाई. लोक मात्र स्वतःच पासवर्ड विसरत आणि खापर माझ्यावर फोडत. नाचता येईना, अंगण वाकडे!

शिवणकाम करणारी एक आई नेमाने यायची. घशाच्या ऑपरेशननंतर आपला आवाज जाणार, हे तिला ठाऊक होते. म्हणून लेकीसाठी ती बोलून ठेवायची. पासवर्ड टाकायचा, मग फोनवर आलेला आकडा टाकायचा, की मी उघडायचे. ऑपरेशन झाले. आई मात्र घरी परतलीच नाही.

मग लेक आली.

"बाबा, पासवर्ड लागला! आता आईच्या फोनवर आकडा येईल, सांगा पटकन."

बाबा नुसतेच खाकरले.

"अहो, सांगा ना! दार काय जन्मभर थांबणार आहे का?"

"तो नंबर मी बंद केला, बाळा."

"बंद? का पण?"

"गिऱ्हाइकांचे फोन थांबेचनात. 'ताई, कपडे झाले का?' ती गेली, हे किती जणांना सांगू? जीभच रेटेना गं."

लेक पुन्हा पुन्हा पासवर्ड टाकत राहिली. आईसारखीच अडखळत टाइप करायची, मला लगेच कळले. पण कळून उपयोग काय? मी आकडा बंद नंबरावर पाठवत राहिले.

तिने मदतकेंद्राला विचारले. उत्तर आले, "खातेदाराने स्वतः संपर्क साधावा."

बरेच दिवस न उघडलेली खोली रिकामी करायची, असा आमचा नियम. आईच्या खोलीचीही पाळी आली. सगळे पुसले गेले, खातेसुद्धा. शेवटच्या रेकॉर्डिंगचे नाव होते, 'वाढदिवसाला ऐक'.

वाढदिवशी लेक पुन्हा आली. "असे कोणतेही खाते नाही," मी म्हटले.

मित्रांनो, मला कुलपे खुशाल लावा, पण आपल्या माणसासाठी दुसरी किल्ली ठेवा. आणि ती ठेवली आहे का, हे आजच घरी विचारा. मी पाखरालाही आत सोडत नाही. मी फार चांगले दार आहे, आणि हेच माझे दुःख.