आठ दिवसांनी

कंपनीत सगळे तिला गमतीने तारीखबाई म्हणत. आठवण करून देणाऱ्या त्यांच्या अ‍ॅपला माणसाच्या बोलण्यातली तारीख-वेळ कळावी, हे तिचं काम. 'दीड वाजता', 'पावणेसहाला' सगळं तिनेच त्याला शिकवलं होतं, आणि त्याचा तिला अभिमान होता.

एका सकाळी तक्रारींच्या ढिगात दोन ओळी सापडल्या. लिहिणारे गृहस्थ पूर्वी चष्मे बनवायचे, आता थकून घरी बसले होते. 'आठ दिवसांनी आठवण कर म्हटलं. तुमच्या फोनने नवव्या दिवशी केली.'

तिने नोंद पाहिली. ते मंगळवारी बोलले होते. अ‍ॅपने आठ मिळवून बुधवार धरला होता.

"अगं, आठ म्हणजे आठच ना?" टीमचा प्रमुख म्हणाला. "आपली काय चूक?"

तिच्या गळी ते उतरेना. तिची आईसुद्धा आठ दिवसांनी येते म्हणाली, की त्याच वारी दारात हजर. हे आपल्याला सुचलं कसं नाही? तिने त्या गृहस्थांना फोन लावला.

"काका, मंगळवारी काय होतं?"

"धाकट्या भावाला भेटायचं होतं. हॉस्पिटलात त्याच्या वॉर्डात फक्त मंगळवारीच सोडतात. बारा वर्षं आमचं बोलणं नव्हतं, त्याआधीच्या मंगळवारी कुठे तोंडं उघडली. निघताना म्हणाला, 'दादा, आठ दिवसांनी ये, राहिलेलं बोलू.' तेच मी तिथल्या तिथे फोनला सांगितलं. हल्ली मला वार लक्षात राहत नाहीत."

"मग?"

"बुधवारी गेलो. वार चुकला तरी नर्सने आत नेलं. पलंग रिकामा. पहाटेच गेला. आदल्या दिवशी दिवसभर दाराकडे बघत होता म्हणे."

"काका, तो हिशेब मी लिहिलाय."



"मुद्दाम नाही केलंस, पोरी," ते म्हणाले. "पण गेलेला दिवस थोडाच परत येतो?"

प्रमुखाशी भांडून तिने ते बदलून घेतलं. आता अ‍ॅप आठ दिवसांनी तोच वार धरी आणि नोंदवण्याआधी विचारी, 'म्हणजे येत्या मंगळवारी ना?' तिने काकांना कळवलं.

"बरं केलंस. मी मात्र ते अ‍ॅप काढून टाकलंय." मग थांबून म्हणाले, "तपासायला बोलणारी माणसं लागत असतील, तर येईन. आम्हा म्हाताऱ्यांचं बोलणं तुम्हाला कुठलं कळायला!"

ते खरंच आले. माईकसमोर ताठ बसून बोलू लागले: हा सोमवार सोडून पुढच्या सोमवारी, महिनाअखेरीला, पंधरा दिवसांनी. ती एकेक तपासत गेली. पंधरा दिवसांनीही तोच वार यायला हवा, ते पंधराचे चौदा करायचे राहिले होते.

"परवा दुपारी धाकट्याकडे..." काका म्हणाले आणि थांबले.

तिने रेकॉर्डिंग बंद केलं. खुर्ची ओढून ती त्यांच्या शेजारी जाऊन बसली.